न्यूट्रलमधली शिट्टी

सहादू मिस्त्रीचं नाव होतं ते त्याच्या कानामुळे. राहुरीच्या स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज, आणि वडाप करणाऱ्या, म्हणजे सीट भरून प्रवासी नेणाऱ्या, झाडून सगळ्या गाड्या त्याच्याच दारात. हातोडीचा लाकडी दांडा गिअरबॉक्सला टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि आत काय गेलंय ते सांगून मोकळं व्हायचं. खोललं की नेमकं तेच निघायचं. डॉक्टरला मशीन लागतं, आपल्याला तेही लागत नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. तोरा होताच त्याला, आणि तो शोभतही होता.

त्याची बायको चांगुणाबाई रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि त्याचं जेवण उरकेपर्यंत शेडमध्येच बसायची. तिचं तोंड मात्र चालू असायचं. ही गाडी लई किरकिर करतीया, त्या निळीच्या पोटात काहीतरी खडखडतंय. सहादू भाकरी मोडता मोडता हूं हूं करायचा. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय, हे त्याचं ठाम मत होतं.

शहाण्णव सालची गोष्ट. चांगुणाबाईच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून ती कोपरगावला गेली होती. तुळशीचं लग्न झाल्यावर, चांगले तीन आठवडे काढून ती परत आली आणि एसटीतून उतरली ती सकाळीच थेट गॅरेजवर. दारात वडापवाल्या संदीपची जुनी मॅटाडोर चालू ठेवून उभी होती. दुसऱ्या दिवशी त्याला वऱ्हाड घेऊन विळद घाटातून नगरला जायचं होतं, म्हणून ब्रेक दाखवायला तो आला होता.

चांगुणाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"अगं बाई, ही कसली शिट्टी वाजतीया? कानात सुई घातल्यावानी."

"कुठली शिट्टी?" सहादू हसला. "परवासानं तुझं डोकं वाजत आसंल."

तिनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. सहादूनं संदीपकडं पाहिलं, आपल्यासारखाच हसत असेल म्हणून. संदीप खाली मान घालून चपलेनं माती उकरत होता.

तेव्हा सहादूला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी हाच संदीप हीच गाडी घेऊन आला होता. तिसरा गिअर जड पडतो आणि न्यूट्रलला शिट्टी वाजते, अशा दोन तक्रारी. सहादूनं दांडा लावून ऐकलं होतं. शिट्टीबिट्टी काही नव्हती. गिअरच्या दांडीची सेटिंग करून, ग्रीस मारून त्यानं गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. गिअर हलका झाला आणि संदीप निमूट निघून गेला होता.

न्यूट्रलला आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या तोंडाची बेअरिंग गेली. हे सहादूनंच अख्ख्या स्टँडला शिकवलेलं. तो गाडीत चढला आणि क्लच दाबला.

"आता?"

"बंद झाली," चांगुणाबाई म्हणाली.

त्यानं पाय काढला. "आता?"

"आली."

ही माझ्या पायाकडं बघून बोलतीय, असं त्याला वाटलं. त्यानं तिला गाडीमागं पाठ करून उभं केलं. क्लच कधी दाबला, कधी नुसताच दम धरला, कधी दाबून सोडला. सात वेळा विचारलं आणि सातही वेळा तिनं बरोबर सांगितलं. सहादूला मात्र सातही वेळा इंजिनाची तीच धडधड ऐकू आली. वरखाली काही नाही.

त्यानं गाडी बंद केली आणि तडक खाली शिरला. ऑइल सोडलं तर परातीत लोखंडाची चमकी तरंगत होती. संदीपच्या मदतीनं गिअरबॉक्स उतरवून खोलला आणि बेअरिंगला हात लावला, तोच ती हातात सुटी झाली. छर्रे किडक्या हरभऱ्यासारखे टोकरलेले आणि त्यांना धरून ठेवणारी कडी दोन जागी तुटलेली. एखादा छर्रा भलतीकडं अडकला असता, तर गिअरबॉक्स जागच्या जागी जाम झाला असता आणि घाटाच्या उतारावर मागची चाकं थांबली असती. आत चौदा माणसं.

सहादू तिथंच मातीत बसला. तीन आठवडे गाडी रोज चार फेऱ्या मारत होती, तीसुद्धा त्याच्या शब्दावर.

"संदीप," तो कसाबसा म्हणाला, "मला ती ऐकूच आली न्हाई रं."

"ठाव हाय, काका."

"काय ठाव हाय?"

संदीपनं मान वर केली. मग म्हणाला, "तुमाला बारीक आवाज येत न्हाई, सगळ्या स्टँडला ठाव हाय. म्हून तर आमी गाड्या दुपारच्या आनतो, काकू असताना. काकू बोलत्यात आन् तुमी बरुबर तेच खोलता. त्या रोजी काकू आल्याच न्हाईत. आन् तुमी ठणठणीत म्हनल्यावर तुमाला तोंडावर न्हाई म्हनायचा धीर झाला न्हाई. चुकी माजी बी हाय."

कुणीतरी भर बाजारात मुस्काटात मारावी तसं सहादूला झालं. गेल्या साली बागायतदार आबासाहेबांच्या ट्रॅक्टरमधल्या गिअरचा फुटका दात त्यानं खोलायच्या आत सांगितला होता आणि महिनाभर त्याच ऐटीत फिरला होता. ते कुणी ओळखलं होतं? त्यानं वळून बायकोकडं पाहिलं.

"तुला ठाव हुतं?"

"आधी न्हवतं. मी आपली बोलायची. मंग ध्यानात आलं."

"कवा?"

"दोन वर्सं झाली आसतील."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू? कानाच्या जोरावर तर तुमी उभं हायेत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

सहादू भडकला. परातीला लाथ मारली, ऑइल सगळं शेडभर झालं. गावानं मिळून मला येडा केला म्हणाला, आणखीही बरंच म्हणाला. ओरडता ओरडता त्याची नजर पुन्हा त्या तुटक्या कडीवर गेली आणि तो थांबला. राग यायला तरी तोंड कुठं होतं?

संदीपनं गावातूनच नवी बेअरिंग आणली. सहादूच्या हातांना काम ठाऊक होतं. दिवस मावळायच्या सुमारास गिअरबॉक्स चढला, नवं ऑइल पडलं. ट्रायलला निघताना तो बायकोला म्हणाला, "चांगुणे, बस फुडं." इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या गाडीत ती कधी बसली नव्हती. संदीपनंच दार उघडून दिलं आणि तो गॅरेजवरच थांबला.

मुळा धरणाच्या रस्त्यानं तीनचार किलोमीटर गेल्यावर सहादूनं गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली.

"वाजती का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई. गप हाय."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, अंधारून येत होतं. त्याला भीती वाटत होती, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"आता काय वाजतंय?"

"गाडी बंद हाय की."

"गाडीचं न्हाई. दुसरं काय?"

तिनं काचेबाहेर मान काढली. "उसात किडं किरकिरत्यात."

"आत्ता?"

"व्हय. दोनी बाजूनं. लई."

सहादूनं आपल्या बाजूनं डोकं बाहेर काढलं. श्वास धरला. काही नाही. कितीतरी दिवस तो बागायतदारांना चारचौघांत झापत आला होता, की तुमी औषधं मारून मारून रानातला किडा न् किडा संपवला, आता संध्याकाळचं रान मसणावानी गप असतं. आणि ते त्याच्याकडं बघून नुसते हसायचे.

"मी तर म्हनायचो, फवारून फवारून सगळे मेले," तो म्हणाला.

चांगुणाबाईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"अवं, एक बी न्हाई मेला."