मधोमध लावलेली दुर्बीण

मी एका एअर रायफलीवरची दुर्बीण बोलते आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूने आरंभीच वाचकाकडे कणव मागावी, असा एक जुना संकेत आहे. मोडकी छत्री ती मागते, पडकी विहीर मागते. मला ती नको. माझी काच धड आहे, नळी सरळ आहे, अंगावर ओरखडासुद्धा नाही. माझी तक्रार निराळी आहे. एका भरल्या घराने सबंध पावसाळाभर मला खोटारडी ठरवले, आणि त्या सबंध पावसाळ्यात मी एकदाही खोटे सांगितले नव्हते.

माझी घडण प्रथम समजून घ्यावी. दोन्ही टोकांना भिंगे आणि आत दोन बारीक रेषांची फुली. रायफलीवर बसवल्यावर ही फुली जिथे टेकेल तिथेच छर्रा लागावा, म्हणून माझ्या अंगावरच्या फिरक्या टिकटिक वळवून मला जुळवावे लागते. नेमबाज त्याला ‘झीरो करणे’ म्हणतात. माझ्या स्वभावात मात्र एक गोष्ट कायमची आहे. माझी भिंगे लांबच्या नजरेसाठी बांधलेली आहेत. जवळच्या निशाणावर मला रोखायचे, तर पाहणाऱ्याचा डोळा माझ्या नेमक्या मध्यावर असावा लागतो. तो किंचित कडेला असला, की फुलीही निशाणावरून किंचित सरकते. हा बिघाड नव्हे. परंतु ठाण्याच्या ज्या दुकानातून माझी विक्री झाली, तिथल्या माणसाने निशाण किती लांब असणार हे विचारले नाही, आणि घेणाऱ्यांनी ते सांगितले नाही.

घेणारे होते महिपतशेठ, आंबिवलीकडच्या एका गावातले जुने जमीनदार. भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी आपल्या दोन मुलांसाठी शेजारी शेजारी दोन बंगले बांधले. सारखेपणा हा त्यांचा कुलाचार होता. एका बंगल्याला तीन पायऱ्या, म्हणून दुसऱ्यालाही तीन. दुसरीकडे जमीन उंच होती, त्यामुळे तिसरी पायरी मातीत गाडली गेली. तरी ती बांधली. थोरल्या मुलाचा मुलगा ऋतुराज आणि धाकट्याची मुलगी कल्पिता हे दोघेही रायफलीच्या नादाला लागले, तेव्हा दुकानदार म्हणाला, “शेठ, दोघं खेळतात तर दोन सेट घ्या.”

“दोन घेतले तं एक बरा निंगल,” महिपतशेठ म्हणाले. “मंग दुसरे घरान रोज बोलणी. एकच दे.”

अशा रीतीने मी एका रायफलीवर आणि दोन माणसांच्या मालकीत बसले.

सराव विठ्ठलवाडीजवळ एका नेमबाजी क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाले. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची आणि पंचवीस मीटरवरच्या कागदाला छेद द्यायचा, असा तो प्रकार. राज्य स्पर्धेसाठी त्या क्लबला एकच जागा मिळाली होती. ऋतुराजचे त्यात काही अडकलेले नव्हते. धाकट्या बहिणीकडून हरू नये, एवढेच. कल्पिताचे मात्र अडकले होते. तिला स्थळे येऊ लागली होती, आणि तिने आजोबांकडून शब्द मागून घेतला होता.

“जागा मला मिळाली तर दोन वर्षं कोणी स्थळ आणायचं नाही.”

“दिला,” महिपतशेठ म्हणाले. “पन नाय मिलाली तं दिवालीनंतर तू गप बसाचा. पाव्हनं आलं का च्या घेऊन येयाचा.”

आता माझ्यामागे बसणाऱ्या या दोन चेहऱ्यांविषयी. ऋतुराजचा गाल भरलेला. तो दस्त्यावर टेकला, की डोळा माझ्या मध्यापासून एका बाजूला राही. कल्पिताचा चेहरा निमुळता; तिचा डोळा दुसऱ्या बाजूला जाई. दोन डोळ्यांतले अंतर भाताच्या दाण्याएवढे. कागदावर त्याचे एक बोट होई. ऋतुराजने मला आपल्या डोळ्याने जुळवले, की कल्पिताचे छर्रे डावीकडे जात. तिने जुळवले, की त्याचे उजवीकडे. मी दोघांनाही खरे तेच दाखवीत होते. दोघे दोन ठिकाणांहून बघत होते.

“दादा, तू फिरवलेलीस ना?”

“मी कशाला फिरवू? तू फिरवलेलीस. काल माझे सगळे उजवीकडे गेले.”

“मी माझ्यापुरती लावलेली.”

“माझ्यापुरती म्हणजे? बापाची आहे काय?”

“तुझ्या बापाची पण नाय. आजोबांची आहे.”

वस्तू बिघडली असे वाटले, की माणूस आधी वस्तूलाच दोष देतो. वस्तू उत्तर देत नाही, म्हणून तो लवकरच जवळच्या नातलगाकडे वळतो. परक्यावर आरोप करायला पुरावा लागतो. नातलगावर करायला आठवण पुरते. पहिल्या आठवड्यात ती दोघे माझ्याविषयी भांडत होती. पुढे कोणी कोणाची सायकल कधी पाडली आणि कोणाच्या बारशाला कोणाची आई आली नव्हती, इथवर बोलणे गेले. माझ्या फिरक्या मात्र रोज फिरत राहिल्या. एकाने लावायचे, दुसऱ्याने मोडायचे.

उपायही झाले. मला धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू आवळले. इतके, की माझी नळी कण्हली. छर्रे बदलले. रायफलीच्या नळीत फडके फिरवले. कोणा ओळखीच्याने मोबाइलवर सांगितले, की दुर्बीण उलटसुलट करून बसवा, तेही केले. शेवटी क्लबच्या प्रशिक्षक संचिता मॅडमनी दोघांना एकामागून एक बसवले, पाच-पाच छर्रे मारायला लावले आणि दोन्ही कागद टेबलावर मांडले.

“हे बघा. याची पाचही भोकं रुपयाखाली झाकतील. हिचीपण. दुर्बीण ढिली असती तर भोकं विखुरली असती. तुमचे डोळे तिच्यामागे वेगवेगळे बसतात, बाकी काही नाही. दोघांच्या झीरोत किती टिकांचा फरक आहे ते मोजा. आपलं झालं, की जाताना समोरच्याच्या झीरोवर फिरवून ठेवा.”

माझ्या आयुष्यात इतके शहाणे वाक्य कोणी उच्चारले नव्हते.

“ती परत फिरवून ठेवेल याची गॅरंटी कोण देणार, मॅडम?” ऋतुराजने विचारले.

“आणि हा ठेवेल?” कल्पिता म्हणाली.

“मग प्रॉब्लेम दुर्बिणीचा नाहीये,” संचिता मॅडम म्हणाल्या, आणि त्या दुसऱ्या टेबलाकडे निघून गेल्या.

घरी आजी तुळसाबाईंनी निदान केले, की मला नजर लागली आहे. “रोज दोघा जना हिच्यातून डोलं फाडून बघतान, नजर लागनार नाय तं काय?” त्यांनी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या माझ्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या आणि पुढच्या भिंगाच्या कडेला काजळाची तीट लावली. मी चिडले, हे मान्य करते. जिचे सारे अस्तित्व नजर हेच आहे, तिलाच नजर लागली म्हणणे हा तर्काचा अपमान होता. तरी त्या विधीतले शहाणपण मी नाकारीत नाही. दृष्ट काढताना दोष घरातल्या कोणावर न ठेवता बाहेरच्या कुठल्यातरी अनामिक डोळ्यावर ठेवला जातो, आणि घर वाचते. पण वाचण्याची इच्छा असलेले घर त्यासाठी हवे.

“ही तीट कल्पितानेच लावायला सांगितलीय,” ऋतुराज म्हणाला. “उद्या माझा टर्न आहे म्हणून.”

“हो, आणि मिरच्या पण मीच वाळवल्या,” कल्पिता म्हणाली.

प्रकरण मग महिपतशेठांपुढे गेले. ओटीवर बसून त्यांनी दोघांचे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “याचे झीरोपासून तिचे झीरोपरीस किती टिक?”

“बारा.”

“मंग सा. मधी लाव. निम्मी त्याची, निम्मी तिची. भांडान मिटला.”

“आजोबा, असं नसतं ते,” कल्पिता म्हणाली.

“मधी लाव बोललो ना?”

मला मधोमध लावण्यात आले. सुनेची लाल नेलपॉलिश मागवून महिपतशेठांनी दोन्ही फिरक्यांच्या फटी स्वतःच्या हाताने बुजवल्या. “आता जो हात लावल त्याचा रंग निंगल,” ते म्हणाले. साऱ्या आयुष्यात त्यांनी याच पद्धतीने न्याय केला होता. बांधावर दगड बसवायचा, त्याला शेंदूर फासायचा, म्हणजे दोन्ही भाऊ त्याला हात लावायला भितात. जमिनीच्या बाबतीत ते शास्त्र चालते, कारण अर्ध्या शेतात अर्धे भात येतेच. अर्ध्या झीरोत काहीच येत नाही. दोन खऱ्यांच्या मधली जागा ही दोघांचीही चूक असते, आणि ती चूक आता माझ्या अंगावर लाल रंगाने कायम झाली होती.

निवडीची फेरी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी झाली. ऋतुराज आधी बसला. त्याचे सगळे छर्रे मध्यापासून अर्धे बोट उजवीकडे लागले, एकाजवळ एक, अतिशय सुंदर आणि अतिशय निरुपयोगी. उठताना तो हसला. कल्पिताचेही तेवढेच डावीकडे जाणार, हे त्याला ठाऊक होते. ती हरल्यावर त्याचे हरणे कोणाला दिसणार नव्हते.

कल्पिता बसली. पहिला छर्रा अर्धे बोट डावीकडे. तिने डोळा माझ्यापासून दूर घेतला आणि माझ्याकडे पाहिले; माझ्यातून नव्हे, माझ्याकडे. मी शिवीची वाट पाहिली. तिने शिवी दिली नाही. तिने गाल पुन्हा होता तसाच टेकवला आणि माझी फुली निशाणाच्या मध्यावरून मुद्दाम काढून अर्धे बोट उजवीकडे, कागदावरच्या कोऱ्या वर्तुळात नेऊन ठेवली. मग चाप ओढला. छर्रा मध्यभागी लागला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. मी तिला जे दाखवीत होते, ते तिने चूक म्हणून नाकारले नाही आणि बरोबर म्हणून मानलेही नाही. कितीने वेगळे आहे, एवढेच पाहिले. त्या पावसाळ्यात माझ्याशी असे वागणारी ती पहिली.

जागा तिला मिळाली.

“पॉलिश चेक करा,” ऋतुराज म्हणाला. पॉलिशला तडा नव्हता. “मग ती भलतीकडेच नेम धरत होती. ही चीटिंग आहे.”

“नेम कुठेही धर, नियमात चालतं,” संचिता मॅडम म्हणाल्या. “आपण भोकं मोजतो. तूपण करू शकला असतास.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“मला तरी कोणी सांगितलं?” कल्पिता म्हणाली.

त्या संध्याकाळी ओटीवर दोन्ही घरे जमली. ऋतुराजच्या आईचे म्हणणे होते, की मुलीने लबाडी केली. कल्पिताच्या बापाचे म्हणणे होते, की वहिनींनी तोंड सांभाळावे. महिपतशेठांनी हात वर केला आणि अखेरची वाटणी केली. “रायफल त्याची. दुर्बीण तिची. खपला विषय.”

लोकांच्या तोंडी अशा न्यायाच्या पुष्कळ गोष्टी आहेत. दोघे एका वस्तूवर हक्क सांगतात, न्यायाधीश तिचे दोन तुकडे करायला सांगतो, आणि खरा मालक ओरडतो, की तुकडे नकोत, सगळी समोरच्यालाच द्या. मग न्यायाधीश त्याला ओळखतो आणि सगळी त्याच्या हवाली करतो.

“मला अर्धी नको,” कल्पिता म्हणाली. “दोन्ही दादालाच द्या.”

“बरा,” महिपतशेठ म्हणाले. “घे रं दोनी.”

ऋतुराजने घेतल्या. गोष्टीतले लोक गोष्टी ऐकून शहाणे झालेले नसतात.

“आणि घरची रायफलच नाय, तं तो शब्द बी...” महिपतशेठांनी सुरुवात केली.

“शब्द मला दिलेलात, आजोबा. रायफलीला नाय.”

महिपतशेठांनी आधी मुलांकडे पाहिले, मग तिच्याकडे. आयुष्यभर जमिनीचे शब्द पाळलेल्या माणसाला या वाक्यात फट सापडली नाही, आणि ती न सापडल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर राहिला. “दोन वरसा,” ते म्हणाले. “वरती एक दिस नाय.”

ती स्पर्धेला क्लबच्या जुन्या रायफलीने गेली. तिथे तिचे काय झाले ते मला कळले नाही, कारण या बंगल्यात तिचे नाव आता कोणी घेत नाही. आठवड्यातून तीनदा ती शेडकडे निघते, एवढे मात्र मला गच्चीवरून खालच्या रस्त्यावर दिसते. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये आता पुरुषभर उंचीची भिंत आहे. तिचा खर्च दोन्ही घरांनी सारखा केला.

ऋतुराजने ब्लेडने माझ्यावरची नेलपॉलिश अलगद खरवडली, मला सहा टिक आपल्याकडे फिरवले, आणि मी अचूक झाले. तो गच्चीवर वाळूच्या पोत्यांपुढे रंगाच्या डब्याचे झाकण टांगतो, गाल टेकवतो, चाप ओढतो. भोक मध्यावर पडते. पुन्हा मध्यावर. माझ्याविषयी आता कोणाचीही तक्रार नाही. झाकण काढून तो खाली जातो आणि ते कोणाला दाखवत नाही. दाखवण्यासारखे माणूस भिंतीपलीकडे राहते.

माझी एकच विनंती आहे, आणि ती नम्र नाही. तुमच्या घरातल्या तडजोडी तुमच्या घरात करा, माझ्या फुलीवर नको. मी एका वेळी एकाच डोळ्याला खरे सांगू शकते. तो डोळा कोणाचा, हे स्पष्ट बोलण्याची हिंमत असेल तर मला उचला. नसेल, तर हात लावू नका.