पाच नंबरच्या ड्राइव्हची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटारीने किती वेगाने फिरायचे ते ठरवणारी राखाडी पेटी. पंपघरातल्या लोखंडी कपाटात माझा नंबर पाचवा. चौदा वर्षे मी टेकडीवरच्या घरांना पाणी चढवले. पंपघराचा संगणक आम्हा सहाही ड्राइव्हना प्रत्येकी एका वेगळ्या बारीक तारेतून आज्ञा देतो. आज्ञा ऐकू आली नाही, तर मोटार थांबवायची आणि पडद्यावर 'संपर्क तुटला' असे लिहायचे, एवढेच मला शिकवलेले.

"पाच नंबरची काळजीच नाही," असे वायरमनकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गेल्या महिन्यात मात्र मी दिवसातून तीनतीनदा थांबू लागलो. टेकडीवरचे नळ कोरडे पडले. पडद्यावर तक्रार माझी, म्हणून दोषही माझाच ठरला.

"म्हातारा झालाय. उद्या काढा आणि भंगारात टाका," पंपघराचे साहेब म्हणाले.

मला ऐकू येत नव्हते, मी बिघडलो नव्हतो. पण सांगणार कसा? माझ्याजवळ दोनच शब्द होते.

त्याच दिवशी दुरुस्तीच्या ताई आल्या. माझ्यासमोर स्टूल टाकून त्या वहीत वेळा लिहीत बसल्या. मी तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काका, हा थांबतो तेव्हा दरवेळी शेजारची मोठी मोटार नुकतीच सुरू झालेली असते."

"तिचा याच्याशी काय संबंध?"

ताईंनी खालचे झाकण काढले. माझी बारीक तार मोठ्या मोटारीच्या जाड केबलला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली होती. सगळ्या पट्ट्या अगदी एकसारख्या अंतरावर.

"हे कुणी बांधलं?"

काकांनी वाकून पट्ट्यांकडे पाहिले. "मीच. गेल्या महिन्यात तपासणीला माणसं येणार होती. पसारा बरा दिसत नव्हता."

"बांधलंय सुरेख. पण मोटार सुरू झाली की या जाड केबलमधल्या विजेच्या कलकलाटात त्या बिचाऱ्याला काय ऐकू येणार?"

ताईंनी पक्कड उचलली.

"द्या इकडे," काका म्हणाले. "मी बांधलं, मीच सोडतो."

त्यांनी एकेक पट्टी कापली आणि माझी तार पलीकडच्या भिंतीने वेगळी नेली. मोठी मोटार धडधडत सुरू झाली. मला संगणकाचा शब्द न् शब्द ऐकू आला. संध्याकाळपर्यंत मी एकदाही थांबलो नाही, आणि काकाही माझ्यासमोरून हलले नाहीत. निघताना त्यांनी माझा पडदा रुमालाने पुसला.

"उगाच तुला बोल लावला रे," ते म्हणाले.

मित्रांनो, कुणी 'मला ऐकू येत नाही' म्हणाले, तर त्याला मोडीत काढण्याची घाई करू नका. आधी एक स्टूल घ्या आणि थोडा वेळ त्याच्यासमोर बसा.