पोरक्या मास्तरणीची गोष्ट

कोकिळाला मॅट्रिकला इंग्रजी कादंबरी होती, म्हणून तिच्या वडिलांनी, नेरच्या किसनरावांनी, मला शिकवणीला ठेवलं. मला आईबाप नाहीत, बोर्डिंगात वाढले, इंग्रजीत पहिली आले. दोन वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध झालो, पण त्या घरासाठी मी होते तीच. शिकवणी ओसरीवर. माझा कान तुटलेला कप ओसरीच्या कोनाड्यात. चहा पिऊन झाला की मीच तो विसळून तिथेच पालथा घालायचा. उद्यापासून येणार नाही, असं रोज ठरवायचे आणि रोज यायचे.

कादंबरी होती एका पोरक्या मुलीची. ती मोठ्यांच्या घरी राहून त्यांच्या मुलीला शिकवते. मी मराठीत अर्थ सांगू लागले की कोकिळाची आई, विमलताई, उंबरठ्याच्या आत येऊन बसत.

त्या दिवशी पाहुणे त्या मास्तरणीला कोपऱ्यात बसवून तिच्यादेखत तिची टिंगल करतात, तो भाग निघाला. विमलताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"माय वं! माणसं हायेत का जनावरं? तुमच्याच पोरीले शिकवते ना ते! असं वागवतात काय कोणाले?"

मग उठून त्यांनी चहा आणला आणि हातभर उंचावरून माझ्या कपात ओतला. चार थेंब पुस्तकावर उडाले.

माझं डोकंच फिरलं. मी पुस्तक मिटलं.

"मंग पुढं काय झालं तिचं, मास्तरीणबाई?" विमलताईंनी विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हणाले, "तुमच्या सैपाकघरात, चुलीपाशी बसून."

विमलताईंचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.