आडवा शिक्का

चकतीला दाते होते. बिस्किटाएवढी सोनेरी कागदाची चकती आणि कडेने बारीक, सारखे दाते — लेनोरा त्यांवरून बोटाचं पेर फिरवत मोजत होती, सतराव्यावर चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, पुन्हा चुकली... कचेरीतल्या जुन्या कारकून मिस इमोजीनने ती सकाळीच कागदाच्या डाव्या कोपऱ्यात खाली चिकटवून ठेवली होती, जिभेने ओली करून, गेली एकतीस वर्षं चिकटवते तशी. त्याच पाकिटातली एक चकती तासाभरापूर्वी रताळे सप्ताहाच्या जाहीरनाम्यावर गेली होती. ही रॉय डीन एकर्टच्या मृत्यूच्या वॉरंटवर. दोन प्रती, दोन चकत्या. एक प्रत तुरुंगाला जायची, एक याच खोलीतल्या कपाटात राहायची.

गव्हर्नरची सही झालेली होती, ऐसपैस, अर्ध्या पानावर पसरलेली. तिच्याखाली एकच शब्द — साक्ष — आणि पुढे रिकामी रेघ, आणि रेघेखाली छापलेलं नाव: लेनोरा हॅथकॉक, राज्य सचिव. तिने सही करून राज्याचा शिक्का मारला नाही तोवर गव्हर्नरची सही म्हणजे नुसती शाई. शाळांच्या सहली येत तेव्हा हेच ती मुलांना मोठ्या हौसेने सांगायची, सिंहाच्या तोंडासारख्या घडवलेल्या लोखंडी यंत्रात कोरा कागद घालून एकेकाला शिक्का मारून द्यायची — नांगर, नदी आणि नदीवर उगवता सूर्य. मुलं कागदावर उठलेल्या ठशावर बोट फिरवत. आपल्यालाही ते आवडायचं, हे आठवून आता तिने चकतीवरचं बोट उचललं.

तिला कोणी निवडून दिलेलं नव्हतं. चौदा वर्षं ती आपल्या कौंटीच्या कचेरीत जमिनींची आणि लग्नांची नोंद ठेवत होती, आणि एके दिवशी गव्हर्नरचा फोन आला. "लेनोरा, तुझ्यासारखं नीटनेटकं माणूस हवंय मला. फिती कापायच्या, शिक्के मारायचे. कोणाशी भांडण नाही, तंटा नाही." गव्हर्नरची मर्जी असेतो नोकरी. त्याने शब्द पाळला होता. तीन वर्षांत खरोखरच कोणाशी भांडण झालं नव्हतं.

आणि आज तो दोनच्या विमानाने गेला होता. वॉरंट पाचपर्यंत तुरुंगात पोचलं नाही तर कोर्टाने दिलेली मुदत संपणार, मग पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, निदान एक वर्ष. तिच्या जागी दुसऱ्याला शपथ द्यायची तर गव्हर्नर इथे हवा. म्हणजे आज ह्या कामाला एकच हात होता, आणि तो तिचा होता. तिने नुसता बसून राहायचा निश्चय केला तरी एका माणसाला एक वर्ष मिळत होतं... आणि तिची नोकरी जात होती, ती जाऊ दे, त्याचं तिला काही वाटत नव्हतं असं तिने आठवडाभर स्वतःला बजावलं होतं.

"मॅडम सेक्रेटरी," स्टॅनफिल म्हणाला, "गाडी खाली उभी आहे." स्टॅनफिल गव्हर्नरचा वकील. समोरच्या खुर्चीत पाय पसरून तो पेपरमिंटची गोळी दातांवर खुळखुळवत होता. तो आवाज... ते दात एकेक करून पाडावेत असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, तिला ते दिसलं, टेबलावरचा दगडी पेपरवेट, त्याचा ओठ, गालिच्यावर पडलेली पांढरी गोळी. तिने हात मांडीवर घेतले.

"मला फाईल बघायची आहे," ती म्हणाली.

"सकाळी बघितलीत की. आणि खरं सांगू का, तुम्ही ती बघायची गरजच नसते. तुम्ही फक्त एवढंच म्हणताय की ही सही गव्हर्नरची आहे. बाकी सगळं त्याच्या डोक्यावर."

फक्त एवढंच. फाईलमध्ये फोटो होते. नदीकाठी टॉलिव्हर नवराबायकोचं गळाचं आमिष विकायचं दुकान. एकर्टने दोघांना टायरच्या पान्याने मारलं होतं, आधी त्याला, मग तिला, आणि तिला मारताना माशांची टाकी फुटली. बोटाएवढे मासे फरशीवर, रक्तात, शेकड्यांनी. म्हातारीचा चष्मा धड होता. चष्म्याच्या वर काही धड नव्हतं. लेनोराने तो फोटो पालथा घातला, मग पुन्हा सुलटा केला, मग बराच वेळ पाहत बसली — आणि ह्या हरामखोराला आपल्याच हाताने ठेचावं असा संताप तिच्या पोटातून वर आला, गरम, जवळजवळ सुखाचा. त्या सुखाचीच तिला भीती वाटली. ते तिच्या ओळखीचं होतं.

लेनोरा, पट्टा आण.

पट्टा ट्रॅक्टरचा होता, जुना, रबरी, मांस धुरवायच्या खोलीत खिळ्याला टांगलेला. डॅडी चर्चचे डीकन, मंडळीतले मानकरी, होते. काहीही रागाच्या भरात करायचं नाही, रीतसर करायचं, आणि साक्षीदारासमोर करायचं, असा त्यांचा नेम होता. माझा धाकटा भाऊ वेन्डेल सहा वर्षांचा, मी आठ. मी जायची, टाचा वर करून पट्टा काढायची, दोन्ही हातांवर आडवा धरून आणायची. मग दारात उभं राहायचं. डोळे मिटायचे नाहीत. वेन्डेल आधी ओरडायचा, मग ओरडायचा थांबायचा, ते जास्त वाईट. एकदा पट्ट्याचं टोक त्याच्या डाव्या कानावर बसलं. झालं की डॅडी माझ्याकडे वळायचे, कपाळ पुसत, आवाज अगदी शांत — "पाहिलंस ना?" आणि मी म्हणायची, "हो, सर." मग त्यांना भूक लागायची. ग्लासभर ताकात मक्याची भाकरी चुरून ते उभ्याउभ्याच खायचे, चमच्याचा आवाज करत... आणि मला बरं वाटायचं, की आज मी नव्हते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

वेन्डेलचा फोन साडेबाराला येऊन गेला होता. त्याचं आता टायरचं दुकान आहे. फोन तो उजव्या कानाला लावतो, डावा तेव्हाच गेला. त्याचं नाव पडद्यावर पाहून तिचा जीव भांड्यात पडला होता. जगात हा एकच माणूस होता जो तिला म्हणू शकला असता, ताई, नको करूस. तेवढं एक वाक्य पुरलं असतं.

"काय गं, झाली का सही?"

"अजून नाही."

"का? पेन हरवलं?"

"वेन्डेल, तुला काय वाटतं, मी..."

"मला काय वाटायचंय? टॉलिव्हर म्हातारा मला डबाभर गांडुळं द्यायचा, वर चार जास्तीची. पोरा, मासा फसला पाहिजे, म्हणायचा. शिक्का चांगला दाब. माझ्यातर्फे थोडं जास्त दाब." मागे कुठेतरी टायरमधली हवा फुसकन सुटली. "आणि तुला कसली लाज वाटतेय आता? पट्टा तूच आणून द्यायचीस की."

तो हसला. मनात काही न ठेवता हसला, जुनी घरातली गंमत सांगावी तसा. तिने फोन ठेवला आणि मधल्या सुट्टीचं सँडविच न उघडताच कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. त्याला आठवत होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्याला फक्त डॅडी आठवतात.

"पावणेचार," स्टॅनफिल म्हणाला.

मिस इमोजीन यंत्राशी उभी होती. बाकीचे शिक्के तीच मारायची — नोटरींचे, कंपन्यांचे, जाहीरनाम्यांचे — पण वॉरंटचा शिक्का सचिवाने स्वतः मारायचा, हा ह्या कचेरीचा रिवाज. मागच्या सगळ्यांनी पाळलेला. यंत्र टेबलाच्या डाव्या बाजूला, सिंहाचा जबडा उजवीकडे उघडा. कागदाची खालची कड आत सरकवायची, म्हणजे मजकूर आपल्यापुढे आडवा होतो, वाचता येत नाही. "वाचायचं ते आधी वाचून घ्यायचं, मिस लेनोरा," इमोजीनने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "यंत्राशी आल्यावर वाचायचं नाही."

तिने दोन्ही प्रतींवर सही केली. नीट, गोल अक्षरात. मग पहिली प्रत उचलली आणि यंत्राशी उभी राहिली, आणि तिला ते नाव वाचायचंच होतं — रॉय डीन एकर्ट, वय एकेचाळीस — कोणाला मारतोय ते नाव तरी डोळ्यांसमोर सरळ असू दे... त्याचाही बाप असेल, त्यालाही कोणीतरी दारात उभं राहून पाहिलं असेल, की नसेल, की तेही मी माझ्या सोयीसाठीच... तिने दांडा ओढला. सिंहाने कागद चावला.

"अरे देवा," इमोजीन म्हणाली.

शिक्का आडवा उमटला होता. नदी भिंतीसारखी उभी, नांगर कुशीवर पडलेला, सूर्य उजव्या अंगाला लटकलेला. कागद लेनोराने सरळ धरला होता, वाचता येईल असा, आणि तसाच घातला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी चुकले, तिला वाटलं, आणि मग — हात चुकला. हाताने नको म्हटलं. एवढा मोठा आनंद तिला झाला की डोळे भरून आले. पट्टा पहिल्यांदाच कोणीतरी खाली टाकला होता.

स्टॅनफिल उठून पाहायला आला. जवळ आला तसा पेपरमिंटचा वास आला. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुरुंगाला दुसरी प्रत देऊ. ही कपाटात ठेवा. कपाटात कोण बघतंय?"

इमोजीनने दुसरी प्रत पुढे केली, खालची कड डावीकडे करून, आडवी, दोन्ही हातांवर धरून. लेनोरा त्या हातांकडे पाहत राहिली. आता चुकता येत नव्हतं. आता हाताने नको म्हटलं तर ते तिनेच म्हटलेलं होणार होतं, तोंडाने, स्टॅनफिलसमोर, नाही म्हणून. ती तोंड उघडायची वाट पाहत राहिली. मग म्हातारीचा चष्मा आला, मासे आले, वेन्डेलचं हसणं आलं, स्टॅनफिलचे दात आले, आणि आठ वर्षांची ती दारातली मुलगी आली, कोरडी, धडधाकट, बरं वाटत असलेली — आणि तिच्यावर लेनोराचा असा राग भडकला की तिने कागद सिंहाच्या तोंडात खुपसला आणि दांडा दोन्ही हातांनी, खांद्यातून, सगळं अंग लोटून खाली आणला. टेबल हललं. शाईची दौत पडली. दांडा तळाला टेकल्यावरही ती दाबतच होती.

"पुरे, मिस लेनोरा," इमोजीन हळूच म्हणाली. "कागद फाटेल."

शिक्का सरळ होता. इतका खोल की पाठीमागून नांगर बोटाने चाचपता यावा. स्टॅनफिलने कागद पाकिटात घातला, मान हलवली, गेला. जिन्यावर त्याचे बूट वाजले, मग गाडीचं दार. तिचे दंड गरम झाले होते. कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला आणि लाज येण्याची वाट पाहू लागली, नीट उभी राहून, रीतसर. लाज येत नव्हती. छातीत मोकळं, धुतल्यासारखं वाटत होतं, आणि हे असंच वाटत असणार डॅडींना, हे तिला आज, एकावन्न वर्षांनी कळत होतं.

इमोजीन टेबलावरची शाई टिपत होती. लेनोरा तिच्याकडे वळली.

"पाहिलंत ना?" आवाज अगदी शांत होता.

इमोजीनचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. "हो, मॅम," ती म्हणाली.

आणि लेनोराला कडकडून भूक लागली.