मायच्या गालावरचा उजेड

शेखरला फोटो काढायचं वेड लागलं ते डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर. मेहकरात कारकुनी करणारा हा गृहस्थ कुणाचा तरी वापरलेला डिजिटल कॅमेरा घेऊन आला आणि मिरचीच्या डब्यापासून वाळत घातलेल्या चादरींपर्यंत दिसेल त्याचे फोटो काढत सुटला. त्याची बायको वंदना आधी हसली, मग चिडली, मग तिनं नाद सोडला.

त्या आठवड्यात हे साहेब उजेड मोजायला शिकत होते. मोबाइलवरच्या व्हिडिओतला एक मास्तर समजावून सांगायचा: कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, फक्त उजेड कळतो. समोर जे दिसेल त्या सगळ्याची तो सरासरी काढतो आणि फोटो फार उजळ नाही, फार काळा नाही, असा मधल्या राखाडीवर आणून ठेवतो. मागे पांढरंशुभ्र काही असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो सगळंच काळवंडून टाकतो, पुढच्या माणसासकट. त्यावर उपाय म्हणजे स्पॉट मीटरिंग. एक लहानसा ठिपका माणसाच्या गालावर ठेवायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा रे, एवढंच मोज, बाकीचं जाऊ दे.

सुलतानपूरच्या शिवारात सप्ताहाची समाप्ती होती. तिथं तो वंदनाला आणि मायला घेऊन गेला. माय म्हणजे सत्यभामाबाई. गेल्या दोन वर्षांत तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. स्वयंपाक गेला, नातेवाईक गेले, स्वतःचं नावसुद्धा गेलं. एकच नाव टिकून होतं, शेखर. ती दूधवाल्यालाही शेखर म्हणायची आणि वंदनालाही. विंचरू देत नाही म्हणून वंदनानं तिचे केस बारीक कापले होते आणि अंगावरचं मांस तर पार उतरलं होतं. भजन ऐकलं की मात्र तिचे ओठ हलायचे. म्हणून तर तिला आणलं.

सकाळी मांडवासमोर त्यानं तिला उभी केली. मागे पांढऱ्या कापडाचा भला मोठा मांडव उन्हात झळझळत होता, वर भगव्या पताका. मायनं कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी आवळली होती. ती तिची सवयच.

"माय, इकडं पाह्य."

"काऊन रे शेखर?"

"फोटो काढून राह्यलो तुहा."

पहिले चारपाच फोटो त्यानं सगळ्या चौकटीचा उजेड मोजून काढले. पताकांचा रंग आणखी गडद यावा म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, मुद्दाम खाली ओढलं. मांडव देखणा आला, आकाश निळंशार आलं, माय कोळशासारखी आली. मग ठिपका तिच्या गालावर ठेवून एक काढला. त्यात माय आली. सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, खुरटे केस, बावरलेले डोळे, सगळं आलं. पण मांडव पांढरा फटक झाला, पताका विटल्या आणि आकाश तर उरलंच नाही. एकदा जळून पांढरा झालेला भाग परत येत नाही, असं मास्तर बजावून सांगायचा. आमच्या शहाण्यानं तो फोटो पुसला आणि काळ्या मायचे ठेवून दिले.

काल्याचं कीर्तन झालं, पंगती बसल्या. वंदना पत्रावळी आणायला उठली आणि शेखर कीर्तनकारांचा फोटो काढायला गेला. दोघांनाही वाटलं, दुसरा आहे मायजवळ. परत आले तर सतरंजीशेजारी मायच्या चपला होत्या आणि माय नव्हती.

"माय! ओ माय!" शेखर ओरडत सुटला. त्या हाकेला वळणाऱ्या बाया मांडवात ढिगानं होत्या. वैजनाथ नावाच्या स्वयंसेवकानं माइकवरून पुकारा केला, सत्यभामाबाई, जिथं असाल तिथून स्टेजपाशी या. ते ऐकून शेखरला रडूच आलं. सत्यभामा कोण हेच जिला ठाऊक नाही, ती कशाला येते?

"फोटो द्या भाऊ," वैजनाथ खाली उतरून म्हणाला. "गाड्या सुटून राह्यल्या. पोट्टे फाट्यावर धाडतो, सगळ्या ग्रुपवर टाकतो. पण फोटो पाह्यजे."

मोबाइलमध्ये होता तो पुतण्याच्या लग्नातला. भरल्या अंगाची, मोठ्या अंबाड्याची, नथ घातलेली हसरी बाई. तो पाठवला आणि पोरं त्या बाईला शोधायला पळाली. ती बाई तर गेली दोन वर्षं कुठंच नव्हती. एकानं खरोखरच एका अंबाडेवाल्या आजीला हाताला धरून आणलं; ती शिव्या घालत परत गेली.

"आत्ताचा नाही काय?" वैजनाथनं विचारलं. "त्याच्यानंतर एकबी नाही काढला?"

आणि हे कुणाला विचारलं, तर गळ्यात एवढा थोरला कॅमेरा लटकवलेल्या माणसाला. शेखरनं सकाळचे फोटो उघडले.

"याच्यात तोंड कुठी हाय?"

वैजनाथनं कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलनं फोटो घेतला आणि तो उजळवून पाहिला. काळ्याचं करडं झालं, त्यात डागच डाग, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. वंदनानं तोंडाला पदर लावला.

पुसलेला फोटो परत आणता येतो म्हणे, पण त्यासाठी मेहकरातला कॉम्प्युटरवाला गाठायला हवा आणि तोवर दिवस मावळणार. शिवारात बिनकठड्याच्या विहिरी, पलीकडे ट्रक धावणारा रस्ता, मायचे पाय अनवाणी. शेखरला स्वतःचा असा संताप आला की कॅमेरा दगडावर आपटावा. पताका ठेवल्या त्यानं! आकाश ठेवलं! आता आकाश शोधायला पोरं धाडणार होता का तो?

आपटला नाही, कारण तो काळा फोटो सोडून त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. तोच दाखवत तो वाटेवरच्या प्रत्येकाला अडवू लागला. कुणी मान हलवली, कुणी कीव केली, कुणी हसलं. त्याचा घसा बसला. फाट्यावर जनकाबाई नावाच्या बाईचं चहाचं दुकान होतं, तिथं पोचेपर्यंत त्याचा धीर पुरता सुटला होता.

"बाई, हिले पाह्यलं काय?"

"बापा, हे तं नुसती सावली हाय." जनकाबाईनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "थांब. पिशवी अशी छातीशी धरेल होती काय? एक बाई गेली तशी. चहा घे म्हटलं तं घाबरली. हरभऱ्याच्या वावराकडं गेली पाह्य, विहिरीकडं."

विहिरीकडं म्हटल्यावर तो पळाला. ढेकळांत पडला, उठला, पुन्हा पळाला. आणि मग त्याला ती दिसली. विहिरीच्या अगदी तोंडाशी, विहिरीकडे पाठ करून बसलेली, पिशवी छातीशी. हाक ओठांवर आली होती, ती त्यानं गिळली. दचकली तर मागं जाईल.

तो सावकाश पुढं सरकला. मायनं मान वर केली, डोळ्यांवर आडवा हात धरला.

"कोन हाय रे तो काळा?" ती किंचाळली. "जवळ नको येऊ!" आणि ती मागं सरकली. एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला.

शेखर जागच्या जागी थिजला. कललेला सूर्य त्याच्या पाठीशी होता. मायला त्याचं तोंड दिसतच नव्हतं. सकाळी कॅमेऱ्यानं तिचं जे केलं तेच आता उन्हानं त्याचं केलं होतं. तो एक पाऊलही पुढं न टाकता बाजूला सरकला, मग आणखी बाजूला. हात खाली सोडून, हरभरा तुडवत, लांबून वळसा घेत घेत तो तिच्या एका बाजूला आला, तशी तिचीही मान वळली. त्यानं तोंड सूर्याकडं फिरवलं, तसं ऊन त्याच्यावर आलं. डोळे दिपत होते तरी त्यानं ते मिटले नाहीत. तो तिथंच खाली बसला.

"पाह्य माय, कोण आलं."

मायनं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांतली भीती हळूहळू गेली. शेखर श्वास रोखून त्या एका नावाची वाट पाहत राहिला.

"चांगलं हाय तोंड तुहं," ती म्हणाली. "कोनाचा रे तू?"

उजेड चांगला होता, तोंड स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही.

"तुहाच वं माय."

"काहीबी!" माय लाजून हसली. "माह्यं तं लगनबी नाही झालं अजून." पण हसता हसता तिनं त्याचा पुढं केलेला हात धरला. त्यानं तिला उठवलं, विहिरीपासून दूर एका बोरीच्या सावलीत नेऊन बसवलं आणि वंदनाला फोन केला.

मग त्यानं कॅमेरा काढला. आज सापडली, उद्या पुन्हा जाईल, परवा पुन्हा. सावलीत माय, मागे उन्हानं पेटलेलं वावर. त्यानं ठिपका मायच्या गालावर ठेवला आणि बटण दाबलं. वावर जळून पांढरं झालं. त्यानं तिकडं बघितलंही नाही.

"काय हाय त्याच्यात?" मायनं विचारलं. त्यानं पडदा तिच्यापुढं धरला.

तिनं पिशवी पहिल्यांदाच खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कॅमेरा घेतला.

"ही तं माही माय!" ती म्हणाली. "कुठी भेटली रे तुले?"

"इथंच," शेखर म्हणाला. "हरवली होती."

"मंग घरी ने तिले लवकर. लेकरू वाट पाहून राह्यलं असन तिचं."