वऱ्हाडाच्या मोटारीची टाकी

“मालोजीकाका, पेट्रोल कोण घालणार?”

हे मी विचारलं ते कुरुळीच्या मारुतीसमोर, भर वऱ्हाडात. नवरदेव मुंडावळ्या बांधून आमच्या मोटारीत पुढं बसलेला, मागं चाळीस माणसं दाटीवाटीनं उभी, सनईवाला गाल फुगवून तयार. मालोजीकाका म्हणजे नवरदेवाचे वडील. ते माझ्या आबांना फेटा बांधत होते. अर्ध्या फेट्यावर त्यांचे हात थांबले.

पैज लावली होती माझ्या मैत्रिणींनी, ठकूनं आणि अंबूनं. “सव्वीस जानेवारीला शाळेत भाषण केलंस म्हणून लई फुगलीस मंजे,” ठकू म्हणाली होती, “एवढी धीट असशील तर मालोजीकाकांना विचारून दाखव. समद्यांच्या म्होरं.” हरले तर मी महिनाभर दोघींची दप्तरं चाकणच्या शाळेपर्यंत वाहायची, जिंकले तर त्यांनी माझं.

पण खरं सांगते, मला दप्तराची पडलीच नव्हती. मोटार सोमवारी विकली जाणार होती. पिंपरी कॅम्पातले शेटजी ती बघायला येणार होते आणि हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाच भिंतीआडून कळलं होतं, आणि मी ते फक्त त्या दोघींना सांगितलं होतं.

आमची मोटार म्हणजे देहूरोडच्या लिलावात घेतलेला मिलिटरीचा मोठा ट्रक. आबा लढाईत ड्रायव्हर होते, तेव्हा असल्याच गाड्या त्यांनी ब्रह्मदेशाच्या चिखलातून हाकल्या. आठवडाभर ते कांदे-बटाटे पुण्याला नेतात, त्यावर आमचं घर चालतं. पण लग्नसराई आली की गावाला दुसरी मोटार दिसत नाही. लग्नाला मोटार द्यायची ती फुकट, असा आमच्याकडचा रिवाजच पडून गेलाय. मागणारा नारळ घेऊन येतो, चाकापुढं फोडतो, ड्रायव्हरला फेटा बांधतो. झालं! त्यावर पेट्रोलाचं नाव काढणं म्हणजे पंगतीला बसलेल्याकडं जेवणाचे पैसे मागणं.

पेट्रोल स्वस्त होतं तोवर हे खपलं. पण सुवेझचा कालवा बंद पडला नि भाव चढले. मास्तरांनी वर्गात नकाशावर तो कालवा दाखवला तेव्हा मी मनात म्हटलं, एवढीशी ती रेघ, आणि तिच्यापायी आमचे आबा उतार आला की इंजिन बंद करतात! रोज सकाळी ते टाकीत काठी बुडवतात, काठी किती भिजली ते बघतात आणि आईला दिसू नये म्हणून ती धोतराला पुसतात. आईला धोतर धुताना वास येतोच की.

तर मालोजीकाकांचे हात थांबले. आईनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की तिथं अजून निळं आहे.

“बाळाजी, पोर काय म्हणती ही?” काकांनी विचारलं.

“ल्हान हाय. सोडा, मालोजीराव,” आबा खाली बघत म्हणाले. त्यांचे कान लालभडक.

“ल्हान कसली, घोडी झालीया! अगं, मानाचा फेटा बांधतोय ना तुज्या बापाला?”

“व्हय काका, झ्याक दिसतोय,” मी म्हटलं. तोंड काही थांबेना. “पण तो टाकीत घातला तर मोटार नवरीच्या गावाला, काळेवाडीपर्यंत जाईल का?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. आणि मग मोटारीच्या फळीवर बसलेल्या सरूआजी, म्हणजे मालोजीकाकांच्या आई, अशा हसल्या की त्यांना ठसकाच लागला.

“खरं बोलतीया की पोर! मालोजी, बैल मागून आणलास तर वैरण घालतोस ना रं? मग ह्यो राक्षस काय वाऱ्यावर जगतो?”

“आये, पर बाळाजीनं कधी मागितलंच न्हाई!”

“मागंल कसा? तू तोंडाला नारळ लावतोस त्येच्या!”

आता सगळे आबांकडं बघायला लागले. आबा बॉनेटवरची धूळ पुसत होते. धूळ नव्हतीच तिथं. मग मला राहवेना. “सोमवारी मोटार विकतायत,” मी म्हणून टाकलं.

आणि मग काय गलका उठला!

“विकताय? आन् माज्या सुमनचं चैतात हाय की!”

“आमच्या धोंडीचं ठरलंय, राव! आळंदीपतुर वऱ्हाड कसं न्यायचं?”

चैत्र-वैशाखातली किती लग्नं आमच्या मोटारीवर ठरली होती, ते आबांनाही त्या दिवशीच कळलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपली एकच तर खेप!

मालोजीकाकांनी फेट्याचा उरलेला पदर खोचला, शेमला नीट केला. “चल बाळाजी. पिंपरीच्या पंपावर थांबीव. पुरी टाकी. मुलाचं लगीन माजं, तर पेट्रोलबी माजं.”

“मुहूर्त चुकंल,” आबा पुटपुटले.

“चुकू दे! नवरदेव कुटं पळून जातोय?” नवरदेवानं मान हलवली, पण त्याला कोण विचारतंय.

पिंपरीच्या पंपावरचा माणूस तो दिवस आयुष्यात विसरणार नाही. चाळीस माणसांचं वऱ्हाड उतरलं, सनई सुरू झाली. तो दांडा फिरवायला लागला तशा सरूआजी पुढं सरसावल्या आणि त्यांनी पंपाला हळदकुंकू वाहिलं! मग काय, बाकीच्या बायका मागं राहतात होय? एकीनं अक्षताही टाकल्या. “आजी, रबरी नळीला नको, नळीला नको!” तो बिचारा ओरडत होता. टाकी काठोकाठ भरली तेव्हा आबांनी काठी बुडवली. ती पार वरपर्यंत ओली निघाली, आणि आबा हसले. किती महिन्यांनी! मग काळेवाडीपर्यंत त्यांनी एकाही उतारावर इंजिन बंद केलं नाही, आणि मुहूर्त चुकला नाही तो नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर चहा पीत होतो.

“मालोजीराव भला माणूस,” आबा म्हणाले. “पर फुडचा नारळ घिऊन आला, तर माजी जीभ उचलायची न्हाई. मला मागता येत न्हाई, बघ.”

“मला तरी कुठं येतं?” आई म्हणाली. “द्या विकून. सुटाल एकदाचे.”

मी बशी खाली ठेवली आणि उभी राहिले.

“आई, आबा, मी ठरवलंय,” मी म्हटलं. “उद्या शेटजी आले की त्यांना चहा द्या, मोटार देऊ नका. आणि इथून पुढं लग्नाला मोटार मागायला जो येईल, त्याचा नारळ तुम्ही घ्या, पेट्रोलचं बोलणं मी करणार. ठकूच्या आईसारखं हातावर पोट असलेल्या कुणाला पेट्रोल परवडत नसेल, तर गावाकडून पैसे गोळा करायचं कामही माझंच. तुम्ही दोघांनी फक्त मधे बोलायचं नाही.”