पंपाच्या खोपीमागची पेटी

माझी बायको फ्लॉसी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंपाच्या खोपीमागे सुकेळी खात होतो. मला साखरेचा आजार आहे. वाळवलेलं राजेळी केळं मला पूर्ण बंद. फ्लॉसी हॉस्पिटलात होती, तरी जाताना मी रिकाम्या घराला सवयीने सांगितलं, "पंप बघून येतो." तिची बहीण एमिली फोनवर रडत होती. माझ्या तोंडात घास होता.

फ्लॉसी निवृत्त शिक्षिका. एका प्रकाशनाने मुलांसाठी आठ साहसकथा काढायच्या ठरवल्या, आठ लेखकांकडून. टोळी तीच, नाव 'चिखलपाय', गाव दर वेळी वेगळं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोडं. उत्तर मोबाइलच्या गेममध्ये टाकलं की पुढचं गाव उघडतं. पहिल्या पुस्तकाचं उत्तर लेखकाच्याच नातवाने शाळाभर केलं, म्हणून पुढे नियम झाला: उत्तर कुठेही लिहायचं नाही, गेम करणाऱ्याला तोंडी सांगायचं. पाचवं पुस्तक फ्लॉसीचं, आपल्या भुईगावावरचं. पुस्तक छापून आलं. उत्तर सांगायचं राहिलं.

चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिस्सा झाली आणि संपादक सुरुचीचा फोन आला.

"काका, काकू तुमच्याशी कधी बोलल्या असतील ना?"

"ती मला कालवणात मीठ किती ते सांगायची नाही."

"पुस्तक वाचून काही सुचलं?"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, तिचं एक पान मी वाचलं नव्हतं. पुस्तक हातात देऊन ती म्हणाली होती, "वाचून सांग." मी म्हणालो होतो, बघतो.

"रविवारपर्यंत कळलं नाही तर गेम चौथ्या गावातून थेट सहाव्यात जाईल," सुरुची म्हणाली. "मलाही बरं वाटत नाही, काका."

म्हणजे भुईगाव गाळणार. मी चष्मा पुसला आणि आधी कोडंच काढलं. 'बागेचा मालक दिवसातून तीनदा इथे येतो. जे काम सांगून येतो ते करत नाही. पेटी इथेच आहे.'

गेम करणारा जितेश चंदनसारला राहतो. तो शनिवारी घरी आला.

"अंकल, चर्च देऊन टाकू? चित्र तयार आहे."

"दिवसातून तीनदा चर्चला जाणारा भुईगावात फादर सोडून कोण आहे?"

"मग बावखल? तुमचं ते बागेतलं तळं?"

"तिथे मी पाणीच बघायला जातो. आणि बघतो."

तो गेल्यावर मी पहिल्या पानापासून वाचायला बसलो. मला वेळ लागतो. पुस्तकातला मालक जाडा, सतत घाई असल्यासारखा. मला तो आवडला नाही. नवव्या प्रकरणात टोळीतल्या मुलीला खोपीमागे केळीच्या सुक्या पानांचा ढीग सापडतो, सुकेळीची पुडकी सोडून टाकलेला. ती मालकाच्या बायकोला विचारते. बायको म्हणते, "त्याला वाटतं मला कळत नाही. मी पुडकी वरच्या फळीवर ठेवते. खालच्या डब्यात रोज एकच पुडकं, त्यात दोनच. तीही बारकी."

आमचा डबा खालीच असतो. फ्लॉसी विसरते म्हणून डब्यात राहतात, असं मी समजत होतो.

मी खूप हसलो. शेजारची लुसी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "युजीन, बरा आहेस ना?" मी म्हणालो, पंप बघून येतो.

खोपीमागून मी जितेशला फोन लावला. "पेटी पंपाच्या खोपीमागे आहे."

"तिथे तुम्ही खरंच काय करता, अंकल?"

सांगितलं. पलीकडे बराच वेळ तो हसत होता. मग कामाला लागला: दार कुठल्या रंगाचं, पत्रा की कौलं, पानांचा ढीग केवढा. ढीग मी जरा लहान सांगितला.

"पेटीत काय ठेवू? सोन्याची नाणी?"

"सुकेळी. दोनच. बारकी."

रविवारी भुईगाव गेममध्ये आलं. लुसीच्या नातीने मला ते तिच्या मोबाइलवर दाखवलं. दाराचा हिरवा अगदी आमचाच.

पुस्तक उशाशी आहे. नवव्या प्रकरणात खूण घातली आहे. पुढची बावीस पानं वाचायची राहिली आहेत.